खरं जनावर, खरं काम: न्यूरोडायव्हर्जंट तरुण मुलांना गोठ्यात कसं रुळवायचं

शेळ्यांचं पाणी संपलं की शेळ्या ओरडतात, बादली भरून ठेवली की ओरडणं थांबवून पितात. त्यात टोमणा नाही, मार्क नाहीत, "अरे तुला कितीदा सांगितलं" नाही. ज्या मुलाने शाळेत दहा-बारा वर्षं फक्त आपण कुठे कमी पडतो हेच ऐकलंय त्याच्यासाठी ही किती मोठी गोष्ट असते ते मी अनेकदा बघितलंय. त्यामुळे कुणी मला विचारलं की प्राण्यांसोबत राहून मुलं शांत होतात का, तर मी म्हणते ते नंतर बघू, आधी त्याला खरं काम द्या. असं काम की जे त्याने केलं नाही तर जनावराला फरक पडेल.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांच्या मेंदूची काम करायची पद्धत वेगळी आहे अशी मुलं. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड, चुळबुळ जास्त), डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा ताळमेळ बसायला अडचण) असलेली साधारण १४-१५ पासून पुढची मुलंमुली डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. तुम्ही पालक असाल, शिक्षक असाल किंवा तुमच्याकडे जनावरं आहेत आणि कुणीतरी विचारलंय की आमच्या मुलाला येऊ द्याल का, तिघांनाही उपयोग होईल.

आधी एक स्पष्ट करते, हा काही इलाज नाही. ऑटिझम "बरा" करायचा नसतोच. अभ्यास झालेत, पण बरेचसे लहान गटांवरचे आणि त्यातही घोड्यांवरचे जास्त. त्यातल्या त्यात मोठा म्हणजे २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला, ६ ते १६ वयाची १२७ ऑटिस्टिक मुलं, निम्म्यांना १० आठवडे घोडेस्वारी आणि निम्म्यांना तबेल्यातल्याच बाकीच्या गोष्टी पण घोड्याला हात न लावता. घोड्यांसोबतच्या मुलांमध्ये चिडचिड आणि अतिचंचलपणा जास्त कमी झाला, बोलण्यातही फरक दिसला. चांगलंच आहे, पण म्हणून प्रत्येक मुलाला तसंच होईल असं नाही. काही मुलांना गोठा अजिबात आवडत नाही आणि तेही पूर्ण बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये अशी हजाराहून जास्त शेतं आहेत जिथे लोक उपचार म्हणून नाही तर दिवसाचं काम म्हणून येतात, मला तो विचार जास्त पटतो.

पहिली पायरी: जनावर नाही, जागा दाखवा

लोक पहिल्याच दिवशी मुलाला थेट गाईपुढे नेऊन उभं करतात आणि हात लाव म्हणतात. नका करू. पहिली भेट शक्यतो गोठा रिकामा असताना, जनावरं चरायला गेलेली असताना करा. कारण त्याला आधी लढायचं असतं ते वासाशी, मुताच्या त्या झोंबणाऱ्या वासाशी, पायाखालच्या ओलसर शेणाशी, लोखंडी फाटकाच्या खणखणाटाशी, पाण्याच्या मोटरशी आणि माश्यांशी. यातलं काय सहन होतं आणि काय नाही हे जनावर नसताना कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. दहा मिनिटं पुरे. बाहेरूनच बघून परत गेला तरी ती भेट झाली असं धरा.

घरी आधी फोटो पाठवा. गाडी कुठे थांबणार, फाटक कसं दिसतं, बूट कुठे बदलायचे, बाथरूम कुठे, शांत बसायची जागा कुठे आणि कोण माणूस भेटणार. बाथरूमचा फोटो विसरू नका. कितीतरी मुलं फक्त ते माहीत नसल्यामुळे दिवसभर अवघडून बसतात आणि आपल्याला वाटतं जनावराला घाबरला.

वासावर उपाय म्हणजे नाकावर रुमाल किंवा मास्क, आवाजावर इअरमफ, स्पर्शावर हातमोजे, दोन-तीन प्रकारचे ठेवा कारण रबरी सगळ्यांना चालत नाहीत. फाटकाच्या कडीला कापड गुंडाळलं की निम्मा खणखणाट जातो. जो मुलगा बोलत नाही, कार्ड किंवा टॅबलेट वापरून सांगतो, त्याचा टॅबलेट "खराब होईल" म्हणून गाडीत ठेवायला लावू नका. तो त्याचा आवाज आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, गळ्यात अडकवा, आणि "थांब", "पुरे", "भीती वाटते", "घाण", "अजून" हे शब्द त्यात आधीच घालून घ्या.

जनावर कोणतं

इथे घाई करू नका, कारण इथे चुकलं की मुलगा परत येत नाही.

कोंबड्या चांगली सुरुवात वाटतात आणि बऱ्याच जणांसाठी असतातही. लहान असतात, अंडी शोधायचं काम स्पष्ट असतं, सापडलं की हातात गरम अंडं. पण कोंबडी अचानक फडफडते, काही अंदाज देत नाही, त्यामुळे ज्याला अचानक हालचाल सहन होत नाही त्याला खुराड्यात पाठवू नका, बाहेरून दाणे टाकू द्या. आणि कोंबडीला वरून झडप घालून पकडायला शिकवू नका, वरून येतं ते शिकारी हेच तिला माहीत असतं.

शेळ्या मला तरुण मुलांसाठी फार आवडतात. त्या स्वतःहून जवळ येतात, खिसे हुंगतात, बाही चघळतात. एडीएचडी असलेल्या मुलाचं आणि शेळ्यांचं छान जमतं, दोघांनाही एका जागी उभं राहायचं नसतं. पण अंगचटीला येणं ज्याला नको त्याला शेळ्यांनी वेढलं की तो घाबरून जातो. शिंगवाल्या बोकडाकडे नवख्याला पाठवायचं नाही म्हणजे नाही.

मेंढ्या लांब राहतात, कळपाने वागतात, त्यामुळे निरीक्षण करायला उत्तम. मेंढीला दुसऱ्या ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात राहतात असं २००१ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. हे सांगितलं की चेहरे ओळखण्यात अडचण असलेली मुलं हमखास विचारतात की मग ती मला ओळखेल का. ओळखेल, तिला माणसांचेही चेहरे ओळखता येतात.

गाय मोठी असते पण शांत गाय सगळ्यात स्थिर. दिवसातले सात-आठ तास ती रवंथ करते, तो एका लयीतला आवाज आणि अंगाची ऊब, तिचं तापमानच ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं म्हणजे आपल्यापेक्षा गरम, यामुळे काही मुलं तिच्या शेजारी नुसती उभी राहूनच सैल होतात. यासाठी म्हातारी, माणसाळलेली, न बुजणारी गाय निवडा. नुकती व्यालेली गाय कितीही गरीब असली तरी वासराजवळ कुणी आलं की मारू शकते, तिला या कामातून पूर्ण वगळा. वासरं गोड दिसतात पण चाटतात, ढुशा देतात, पायावर पाय ठेवतात, आणि हगवण लागलेल्या वासरांपासून माणसाला आजार होऊ शकतो.

गाढव आणि घोडा यांना माणसाची देहबोली फार पटकन कळते. खरारा करणं हे लयीचं, दाब देऊन करायचं काम असल्यामुळे कित्येकांना आवडतं. घोड्यासोबत मात्र नेहमी जाणकार माणूस हवाच.

निवड मुलाला करू द्या. चार जनावरं लांबून दाखवा आणि तो कुठे रेंगाळतो ते बघा.

काम फोडून द्या

"जा, जरा गोठ्यात मदत कर" हे काम नाही. कुठून सुरू करायचं, किती करायचं आणि संपलं कधी समजायचं, तिन्ही त्यात नाही. "थोडा चारा टाक" हेही नाही, कारण थोडा म्हणजे किती? जी मुलं शब्दशः घेतात ती तिथेच अडकतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो.

पाण्याचंच उदाहरण घेऊ. लाल बादली घे. उरलेलं पाणी झाडाला ओत. ब्रशने आतून चार बाजू घास. नळाखाली ठेव. पट्टीच्या खुणेपर्यंत भर. दोन्ही हातांनी उचल. आडव्या दांडीला अडकव. फळ्यावरचं कार्ड उलटं कर. आठ पायऱ्या, आठ फोटो, फोटोत त्याच गोठ्यातली तीच बादली, इंटरनेटवरची नाही. बादलीला आतून न पुसणारी खूण करा, चाऱ्यासाठी एकच ठरलेलं माप ठेवा, प्रत्येक जनावराला एक रंग द्या आणि तोच रंग त्याच्या दाव्याला, बादलीला, मापाला. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला लेबल वाचावं लागत नाही आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही याचा फायदाच होतो.

शिकवताना शेवटून शिकवा. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या तुम्ही करा आणि शेवटच्या दोन, बादली अडकवायची आणि कार्ड उलटं करायची, त्याला करू द्या. म्हणजे शेळी पाणी पिताना दिसते तो क्षण त्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येतो. मग शेवटच्या तीन, मग चार. सुरुवातीपासून शिकवलं तर दमून मधेच सोडतो आणि सोडल्याचीच आठवण राहते.

जड कामं मुद्दाम ठेवा, घमेलं उचलणं, शेणाची ढकलगाडी, पेंढ्या वाहणं, फावड्याने ओढणं. स्नायू आणि सांध्यांवर जो जोर येतो त्याने बऱ्याच ऑटिस्टिक आणि एडीएचडी मुलांचं अंग जागेवर येतं, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, हेच मुद्दाम करून घेतात. म्हणून क्रम असा लावा की आधी जड काम, मग जनावराजवळचं बारीक काम. उलट केलं तर चुळबुळ्या हातांनी गाईजवळ जातो आणि गाय बुजते. एडीएचडी असेल तर तासभर एकच काम नको, दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या करा, आणि "नुसतं लक्ष ठेव" हे काम तर देऊच नका.

पहिले चार-सहा आठवडे दिवस तोच, वेळ तीच, माणूस तोच. ४५ मिनिटं ते एक तास भरपूर. सुरुवात आणि शेवटही ठरलेला, बूट घालण्यापासून हात धुण्यापर्यंत. त्याला मजा येतेय म्हणून अजून अर्धा तास लांबवायचा मोह होतो, तो आवरा. चांगलं चाललेलं असताना संपलं तर पुढच्या वेळी पाय ओढत नाही. आणि बदल होणारच, पाऊस येतो, जनावर आजारी पडतं. त्यासाठी "आज बदल आहे" असं एक कार्ड ठेवा आणि बदल कळल्या कळल्या सांगा, तिथे आल्यावर नाही.

जनावर वाचायला शिकवा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच लोक "ते आपोआप येतं" म्हणून सोडून देतात. आपोआप येत नाही, सरळ शब्दात शिकवावं लागतं.

गाईचे डोळे बाजूला असतात, तिला सभोवती जवळजवळ ३०० अंशांतलं दिसतं पण थेट मागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असतं, त्यात पाय टाकला की ते सरकतं, बाहेर आलात की थांबतं. खांद्याच्या मागच्या बाजूने रिंगणात शिरलं तर पुढे जातं, पुढच्या बाजूने शिरलं तर मागे. हे तोंडी न सांगता करून दाखवा, जमिनीवर चुन्याने गोल आखा. ज्यांना नियम आवडतात त्या मुलांना हे इतकं आवडतं की काही दिवसांत ती न ओरडता, न काठी उगारता गाय हलवायला लागतात.

टेंपल ग्रँडिन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९४७ चा जन्म, स्वतः ऑटिस्टिक, साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या, पुढे कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. किशोरवयात ॲरिझोनात मावशीच्या रँचवर त्यांनी पाहिलं की लस देण्यासाठी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चौकटीत घातलं की काही गुरं शांत होतात, आणि त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. नंतर गुरं वाटेत का अडतात हे शोधायला त्या गुरांच्याच वाटेने चालायच्या आणि इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना दिसायच्या, लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, कुंपणाला अडकवलेला कोट. हे पालकांना सांगण्याचं कारण एवढंच की बारीकसारीक खटकणं हा गोठ्यात गुण असतो. तुमच्या मुलाला कोपऱ्यातली फडफडणारी पिशवी त्रास देत असेल तर गाईलाही देत असेल, काढून टाका. पण प्रत्येक ऑटिस्टिक मुलगा जनावरांचा जाणकार असतो असं धरून बसू नका, सगळे चित्रांमध्ये विचार करतात असं ग्रँडिन आधी लिहायच्या आणि नंतर त्यांनीच ते दुरुस्त केलं.

प्रत्येक जनावराचं एक पान बनवा, फोटोसकट. कान कुठे, शेपूट कशी, डोकं वर की खाली, आणि त्याचा अर्थ काय. शेपूट जोरात आपटतेय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, अंग ताठ, याचा अर्थ मागे हो. जनावर निघून गेलं तर त्याचा अर्थ "आत्ता नको", मागे लागायचं नाही. मग काही महिन्यांनी तसंच एक पान मुलासोबत बसून त्याच्याबद्दल बनवा, त्याला हवं असेल तरच. मी ताठ झालो की मला काय हवं असतं. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने त्यात लिहिलं होतं की मी हात झटकते तेव्हा मी खूश असते, थांबवू नका. तिच्या घरी हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

सुरक्षा, इथे तडजोड नाही

पहिले काही महिने मुलगा आणि जनावर यांच्यासोबत एक माणूस कायम, दुसऱ्या कामात गुंतलेला नाही. ट्रॅक्टर, कडबाकुट्टीसारखी यंत्रं, विहीर, तळं, औषधांची खोली, हे सगळं कुंपणाने किंवा कुलपाने बंद. पळून जायची सवय असेल तर आधी पाण्याची ठिकाणं बंद करा, मग बाकी बोला. ऑटिझमसोबत फिट्स येण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे हे आधी विचारून घ्या आणि तशा मुलाला उंचावर, पाण्याजवळ किंवा मोठ्या जनावराच्या पायाशी एकटं ठेवू नका. धनुर्वाताची लस झालीय का, दमा आहे का, गवताच्या धुळीची ॲलर्जी आहे का, औषधं कोणती चालू आहेत हे लिहून घ्या. काही औषधांमुळे ऊन जास्त बाधतं, आणि बऱ्याच मुलांना तहान लागलेली कळतच नाही, म्हणून प्रत्येक कामानंतर पाणी पिणं ही पायरीच कार्डात घाला.

हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने. सॅनिटायझर पुरत नाही, वासरांच्या हगवणीतला क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याने मरत नाही. ज्या मुलांना हात किंवा वस्तू तोंडात घालायची सवय आहे त्यांना चावायची वस्तू गोठ्याबाहेर ठेवायला द्या आणि बाहेर येऊन हात धुतल्यावरच परत. कच्चं दूध चाखायला द्यायचं नाही. गर्भवती बाई मदतीला असेल तर तिने व्यायला आलेल्या मेंढ्या-शेळ्यांपासून लांब राहायचं.

आणि मेल्टडाऊन, म्हणजे आवाज, गर्दी, ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं. तो होणार हे धरूनच चाला. जनावराला आधी बाजूला घ्या, गर्दी हटवा, बोलणं कमी करा, शांत जागेकडे नुसतं बोट दाखवा. समजावू नका, मिठी मारू नका. सावरल्यावर "परत गोठ्यात जायचंय का घरी जायचंय" एवढंच, आणि घरी म्हणाला तर घरी. पुढच्या वेळी त्याची आठवणही काढू नका. मात्र वहीत लिहा की आधीच्या वीस मिनिटांत काय काय झालं होतं, तीन-चार वेळा लिहिलं की कारण दिसायला लागतं.

जनावराचंही बघा. एका जनावराजवळ दिवसात किती लोक, किती वेळ, याला मर्यादा ठेवा आणि त्याला निघून जायला जागा मोकळी ठेवा. वैतागलेलं जनावर धोक्याचं असतं आणि त्याच्यावर अन्यायही असतो.

मरण, विक्री, जन्म

जनावर मरतं, विकलं जातं, कापलंही जातं. "ती लांब गावी गेली" असलं सांगू नका. मुलगा शब्दशः घेतो, विचारत राहतो की परत कधी येणार, आणि खरं कळलं की तुमच्यावरचा विश्वास उडतो. सरळ सांगा, ती मेली, म्हणजे तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. विकायचं असेल तर आठवडाभर आधी सांगा, तारीख दाखवा. कुठली जनावरं मांसासाठी आहेत हे पहिल्याच महिन्यात सांगा आणि त्याला नको असेल तर त्यांचं काम त्याला देऊ नका. दुःख तोंडावर दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं समजू नका, काहींना तीन आठवड्यांनी येतं, काहींना पोटदुखी म्हणून येतं. त्या रंगाची बादली लगेच दुसऱ्या जनावराला देऊ नका. जन्माचं त्यामानाने सोपं, शेळी साधारण १५० दिवस गाभण राहते, अंडं २१ दिवसांत फुटतं, कॅलेंडरवर खुणा करत वाट बघता येते. पण करडू मेलेलंही जन्मू शकतं, हे आधीच सांगून ठेवा.

मदतनीस ते कामगार

तीन-चार महिने झाले, कार्डाकडे न बघता काम होतंय, चुकलं तर स्वतः लक्षात येतंय, की मागे सरका. आधी दोन पावलं, मग फाटकाबाहेर, मग नजरेच्या टप्प्यात दुसऱ्या कामाला. "शाब्बास" कमी करा आणि माहिती द्या, आज लाल बादलीवालीने सगळं पाणी संपवलं, काळीने अर्धं सोडलं, तुला काय वाटतं? एखाद्या जनावराची नोंदवही त्याच्याकडे सोपवा, खाल्लं किती, शेण कसं, लंगडतेय का. रोज तेच तेच बारकाईने बघायला ज्याला आवडतं त्याला आजारी जनावर आपल्याआधी दिसतं. त्याने सांगितलं की उठून बघायला जा, दर वेळी जा, दहापैकी नऊ वेळा काही नसलं तरी जा.

आणि पैशांचं. शिकण्याचा काळ किती हे सुरुवातीलाच ठरवा. तो संपल्यावर जर त्याच्या कामामुळे तुमचं काम कमी होत असेल तर त्याला मजुरी द्यायची, बाकीच्यांना देता तीच, "थेरपी होतेय ना" म्हणून फुकट राबवून घ्यायचं नाही. मजुरी किती, दिवस कोणता, सुट्टी कशी सांगायची, तो आला नाही तर त्याची जनावरं कोण बघणार, हे सगळं एका कागदावर सोप्या वाक्यात आणि चित्रांत लिहा, दोघांनी सही करा, आणि एक प्रत त्याच्याकडे राहू द्या, आईवडिलांकडे नाही.